घरात उरलेली भाषा : अमेरिकेतील इटालियन वस्त्यांचा धडा

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की समजुतीचे एक वाक्य हमखास कानी पडते : 'शाळा गेली तर गेली, भाषा घरात आहे, ती कुठे जाते?' असे म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला धीर द्यायचा असतो. परंतु या वाक्याची परीक्षा इतिहासात अनेकदा झालेली आहे. त्यांतील एक परीक्षा इतक्या मोठ्या प्रमाणावर झाली की तिचा निकाल भाषेची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने वाचला पाहिजे. ती झाली अमेरिकेच्या शहरांतील इटालियन वस्त्यांत. तेथे भाषा घरात होती, गल्लीत होती, वाण्याच्या दुकानात होती, चर्चच्या दारात होती. तरीही तीन पिढ्यांत ती गेली. कशी गेली आणि तिच्या जाण्यात कायद्याचा वाटा किती होता, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली. एकट्या १९०७ सालात ही संख्या २ लाख ८५ हजारांच्या वर गेली होती. यांतील बहुसंख्य लोक दक्षिणेचे होते : सिसिलीचे, कालाब्रियाचे, बासिलिकाताचे, नेपल्सच्या आसपासचे. १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले, परंतु दक्षिणेच्या कुळाला त्यातून लाभ झाला नाही. जमीन बड्या जमीनदारांकडेच राहिली, दळणावर कर बसला, हिवतापाने गावे पोखरली, द्राक्षवेलींना कीड लागली. पोटासाठी निघालेल्या या माणसांत तरुण पुरुष अधिक होते. चार पैसे साठवून परत जायचे, हाच अनेकांचा बेत होता, आणि पुष्कळजण खरोखरच परतले. म्हणून अमेरिकी लोक त्यांना 'स्थलांतरी पक्षी' म्हणत.

बंदरावर या पक्ष्यांची वाट पाहत 'पाद्रोने' उभा असे. आपल्याकडच्या मुकादमाचे हे इटालियन रूप. काम मिळवून देणारा तोच, खोली देणारा तोच, पत्र लिहून देणारा तोच आणि मजुरीतून हिस्सा कापून घेणाराही तोच. परदेशातून करार करून मजूर आणण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेने १८८५ साली केला. तथापि करार बंदरावर उतरल्यानंतर झाला तर कायदा हात लावू शकत नव्हता, आणि मुकादमाला तेवढी फट पुरेशी होती. त्याची खरी सत्ता भाषेवर उभी होती. ज्या मजुराला इंग्रजीत 'माझे वेतन किती' एवढेही विचारता येत नाही, त्याला मध्यस्थावाचून गती नसते.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण सहजपणे 'इटालियन भाषा' म्हणतो, परंतु या माणसांपैकी बहुतेकांची ती भाषा नव्हती. एकीकरणाच्या वेळी प्रमाण इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण अगदी उदार अंदाजानेही शंभरात दहाच्या आसपास होते. काही अभ्यासकांच्या मते ते तीनही नव्हते. सिसिलीचा शेतकरी सिसिलियन बोले, नेपल्सचा कोळी नेपोलितान. त्यांची निष्ठाही देशाशी नव्हे, गावाशी होती. इटालियन भाषेत या वृत्तीला 'कांपानिलिस्मो' असा शब्द आहे. तो चर्चच्या घंटाघरावरून आला : गावच्या घंटेचा नाद जिथवर पोहोचतो तिथवर आपला मुलूख, त्यापलीकडचे सारे परके.

ही वृत्ती त्यांनी बोटीतून बरोबर आणली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये मलबेरी रस्त्यावर नेपल्सकडची मंडळी वसली आणि जवळच्याच एलिझाबेथ रस्त्यावर सिसिलीची. बाहेरच्याला ही सारी एकच 'लिटल इटली' दिसे. आत मात्र गल्लीगणिक बोली, स्वयंपाक आणि कुलदैवत बदले. गावागावाच्या परस्पर साहाय्य मंडळ्या निघाल्या. महिन्याला ठरावीक वर्गणी भरायची, आजारपणात त्यातून मदत आणि मृत्यू आला तर सन्मानाने दफन. सिसिलीच्या एका गावच्या मंडळीत शेजारच्या गावच्या माणसाला सहसा प्रवेश नसे.

घरे मात्र सर्वांची सारखीच होती. पाच-सहा मजल्यांच्या अरुंद चाळी, उजेड नसलेल्या आतल्या खोल्या, एका खोलीत कुटुंब आणि त्यात भाडे देणारे दोन-तीन पाहुणे. पत्रकार व छायाचित्रकार जेकब रीस याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकातून मलबेरी रस्त्याच्या वळणावरील वस्तीची दैना साऱ्या अमेरिकेपुढे मांडली. पुढे ते वळण पाडून तेथे बाग करण्यात आली. गरिबांच्या घरांचा प्रश्न त्यांची घरे पाडून सोडवायचा, या पद्धतीचा तो एक आरंभ होता. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

या वस्त्या एवढ्या घट्ट का राहिल्या, याचे एक उत्तर भीती हे आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात सिसिलीकरांची मोठी वस्ती होती. तेथील पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने काही इटालियन आरोपींना निर्दोष ठरवले आणि काहींच्या बाबतीत तिचे एकमत झाले नाही. लगेच दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ रोजी, जमावाने तुरुंग फोडून ११ इटालियनांना ठार केले. त्यांतील काहींवर तर खटला चाललाही नव्हता. न्यायालयाच्या निकालावर जमाव दुसरा निकाल देतो, तेव्हा अल्पसंख्याक माणूस आपल्या गल्लीतच राहणे पसंत करतो. परक्या भाषेच्या न्यायालयाची ही धास्ती पुढेही टिकली. १९२१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये साक्को आणि वान्झेत्ती यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा त्यांचे इंग्रजी अर्धेमुर्धे होते आणि न्यायालयात दुभाष्या ठेवावा लागला होता. २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना मृत्युदंड दिला गेला. त्यांची अंत्ययात्रा बॉस्टनच्या 'नॉर्थ एंड' या इटालियन वस्तीतून निघाली. त्यांना निःपक्ष न्याय मिळाला नव्हता, हे त्या राज्याच्या गव्हर्नरने अधिकृतपणे मान्य केले ते १९७७ साली, म्हणजे ५० वर्षांनी.

धर्म तरी आपला होता काय? माणसे कॅथॉलिक आणि चर्चही कॅथॉलिक, पण तेथेही त्यांना वरचा मजला मिळाला नाही. ईस्ट हार्लेममधील ११५ व्या रस्त्यावर माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च १८८४ साली उभे राहिले. त्या मातेचा उत्सव इटालियनांचा, तिची मिरवणूक इटालियनांची. तरीही वरच्या दालनात इतर भाविकांची उपासना चाले आणि इटालियनांना १९१९ पर्यंत तळघरात बसावे लागे. तरीही जुलै महिन्यातील मातेच्या जत्रेला दूरदूरची माणसे अनवाणी चालत येत. मलबेरी रस्त्यावर नेपल्सच्या सान जेनारो या संताचा उत्सव १९२६ साली सुरू झाला, तो आजही भरतो.

अशा या वस्तीत भाषेचा संसार उभा राहिला. न्यूयॉर्कहून 'इल प्रोग्रेसो इतालो-अमेरिकानो' हे दैनिक १८८० पासून निघू लागले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'नॉर्थ बीच' भागात जानिनी याने १९०४ साली 'बँक ऑफ इटली' काढली आणि इतर बँकांच्या दारात न जाणाऱ्या कोळ्यांच्या व भाजीवाल्यांच्या ठेवी घेतल्या. वेगवेगळ्या बोलींची माणसे एकाच खंदकात माती उपसू लागली, तेव्हा त्यांची एक मिश्र बोलीही तयार झाली. कामाला, म्हणजे इंग्रजी 'जॉब'ला, ती 'जोब्बा' म्हणे, मुकादमाला 'बोस्सो', दुकानाला 'स्तोरो'. तिच्यातला एक शब्द फार बोलका आहे. पूर्वी शौचालय घराच्या मागे अंगणात असे, त्याला इंग्रजीत 'बॅक हाऊस' म्हणत. त्यावरून 'बाक्काउसो' हा शब्द झाला. पुढे शौचालय घरात आले, पण शब्द तोच राहिला. शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक नसलेल्या मुलांना तो अस्सल इटालियन वाटे. प्रमाण इटालियनमध्ये मात्र तो शब्द नव्हता.

येथवर पाहिले तर भाषा जिवंत होती, वाढतही होती. मग तिला ओहोटी कोठून लागली? आमच्या मते तीन ठिकाणांहून : दारातून, शाळेतून आणि युद्धातून.

पहिले दार. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या प्रौढाला कोणत्या तरी एका भाषेतील थोडा मजकूर वाचून दाखवणे सक्तीचे झाले. दक्षिण इटलीत निरक्षरता फार होती, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. त्यानेही लोंढा थांबेना, तेव्हा १९२१ साली देशवार मर्यादा आली आणि १९२४ साली ती आवळण्यात आली. दुसऱ्या कायद्याची युक्ती वकिलाच्या डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक देशाचा वाटा ठरवताना १९१० ऐवजी १८९० ची जनगणना आधाराला घेतली गेली, कारण १८९० साली अमेरिकेत इटालियन थोडे होते. कायद्यात इटलीचे नाव घेऊन मनाई केलेली नाही. केवळ एक जुने वर्ष निवडले. परिणाम असा की इटलीचा वार्षिक वाटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. वस्तीला दरवर्षी मिळणारे ताजे भाषक थांबले. विहिरीचे झरे बुजवल्यावर पाणी एका दिवसात संपत नाही, पण त्या दिवसापासून ते मोजकेच उरते.

दुसरी शाळा. या प्रकरणात लेनर्ड कोवेल्लो यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. ते १८८७ साली बासिलिकातातील आविल्यानो गावी जन्मले आणि नऊ वर्षांचे असताना ईस्ट हार्लेममध्ये आले. त्यांचे मूळ आडनाव कोव्हिएल्लो. शाळेतील बाईंना ते उच्चारायला जड गेले, म्हणून त्यांनी एक अक्षर काढून टाकले. मुलाला त्यात काही वावगे वाटले नाही. वडील मात्र प्रगतिपुस्तकावरचे बदललेले नाव पाहून दुखावले. पुढे आत्मचरित्रात कोवेल्लो यांनी लिहिले की, शाळेने आम्हाला जे अमेरिकीपण शिकवले, त्यात आपल्या आईबापांची लाज वाटणे हा एक धडा होता.

या माणसाने ती लाज उलटवण्याचे काम आयुष्यभर केले. शिक्षक झाल्यावर त्यांनी इटालियन विषयाचा वर्ग सुरू करवला, मुलांचे इटालियन मंडळ काढले, पालकांची मने वळवली. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या भाषा शाळांत सन्मानाने शिकवल्या जात होत्या. ज्यांची मुले वर्गात बसली होती त्यांची भाषा तेवढी नव्हती. अखेर १९२२ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने इटालियनला इतर परकीय भाषांच्या बरोबरीचा दर्जा दिला. १९३४ साली ईस्ट हार्लेममध्ये मुलांसाठी 'बेंजामिन फ्रँकलिन' हे माध्यमिक विद्यालय उघडले. कोवेल्लो त्याचे मुख्याध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत राहिले. वस्तीत पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे वाढू लागली, तेव्हा त्यांच्या भाषेलाही त्यांनी हाच न्याय लावला.

परंतु या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दर्जा मिळाला तो माध्यमिक शाळेत, परकीय भाषा म्हणून. तोवर मूल चौदा वर्षांचे झालेले असे आणि लाजेचा धडा आधीच पाठ झालेला असे. शिवाय शाळेतील इटालियन प्रमाण भाषा होती. घरी सिसिलियन बोलणाऱ्या मुलाला तेथे असे कळे की आपली आई बोलते ती धड इटालियनही नाही. बोली घरात अडकली, प्रमाण भाषा वर्गात अडकली, आणि या दोन्हींच्या मधली सारी जागा इंग्रजीने व्यापली.

याच काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भाषेविषयी एक महत्त्वाचा निर्णय दिला. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून आठवी इयत्ता उत्तीर्ण होईपर्यंत मुलांना परकीय भाषा शिकवण्यास बंदी घातली होती. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवले म्हणून मायर नावाच्या शिक्षकाला दंड झाला. १९२३ साली न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. आम्ही हा निर्णय आदराने वाचतो, पण त्याचे दोन भाग वेगळे करतो. भाषा शिकवण्यास सरकारने आडकाठी करू नये, एवढे त्याने सांगितले. सरकारने ती शिकवावी, असे त्याने सांगितले नाही. शिकवण्याची मुभा मिळाली, शाळा मिळाली नाही. मुभा वापरायला पैसा, शिक्षक आणि वेळ लागतो, आणि दिवसभर गोदीत राबणाऱ्या माणसाकडे यांतील काहीच नसते.

तिसरे युद्ध. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. त्यांत वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या अनेक वृद्ध स्त्रिया होत्या. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांनी नागरिकत्वाची परीक्षा दिली नव्हती. त्यांना ओळखपत्रे घ्यावी लागली, प्रवासावर निर्बंध आले, लघुलहरी रेडिओ आणि कॅमेरे जमा करावे लागले. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरून सुमारे १० हजार माणसांना घरे सोडून आत जावे लागले. बेसबॉलचा लोकप्रिय खेळाडू जो डिमॅजिओ याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोचे कोळी. त्यांनाही मासेमारीच्या धक्क्यावर जाण्यास बंदी झाली. शत्रूची भाषा बोलू नका, अमेरिकी बोला, असे बजावणारी भित्तिपत्रके लागली आणि त्यांवर हिटलरच्या शेजारी मुसोलिनीचा चेहरा होता. आजीशी बोलायची भाषा शत्रूची भाषा झाली. १२ ऑक्टोबर १९४२ रोजी इटालियनांवरील हे निर्बंध उठवण्याची घोषणा झाली, पण घराघरांत झालेला परिणाम घोषणेने उठत नाही. मुलांशी इंग्रजीतच बोलायचे, हा निर्णय सरकारने नव्हे, आईबापांनी घेतला. या अन्यायाची कबुली देणारा कायदा २००० साली झाला, तोवर त्या आईबापांपैकी पुष्कळजण हयात नव्हते.

युद्धानंतर उरल्या त्या वस्त्या. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना 'गलिच्छ' भाग संपादन करून पुनर्विकासासाठी देण्याकरिता केंद्राचा पैसा मिळू लागला. १९५४ साली 'बर्मन विरुद्ध पार्कर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक प्रयोजनाची व्याख्या इतकी सैल केली की, एखादी इमारत स्वतः सुस्थितीत असली तरी भोवतालचा भाग गलिच्छ ठरला की ती घेता येऊ लागली. बॉस्टनच्या 'वेस्ट एंड' भागावर हे अस्त्र चालले. तेथे इटालियनांबरोबर ज्यू, पोलिश अशी अनेक मंडळी शेजारधर्माने राहत होती. १९५८ पासून अडीच हजारांहून अधिक कुटुंबे हलवली गेली आणि त्यांच्या जागी श्रीमंतांसाठी उंच इमारती आल्या. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्स पाडापाडीपूर्वी काही महिने तेथे राहिले होते. ही गलिच्छ वस्ती नव्हे, कमी भाड्याची नांदती वस्ती आहे, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. विस्थापितांची पाहणी करणाऱ्या मार्क फ्राइड यांना त्या माणसांत आप्ताच्या मृत्यूनंतर होतो तसा शोक आढळला. शिकागोच्या टेलर रस्त्यावरील इटालियन वस्तीचा मोठा भाग विद्यापीठासाठी घेतला गेला. फ्लॉरेन्स स्काला या शिंप्याच्या मुलीने महिलांना घेऊन महापौरांच्या कचेरीत ठिय्या दिला आणि लढा न्यायालयात नेला. तरीही १९६५ साली विद्यापीठ उघडले.

ज्या वस्त्या पाडल्या गेल्या नाहीत त्यांचे काय झाले? त्यांतील मुले शिकली, उपनगरांत गेली. २००९ च्या सुमारास मॅनहॅटनच्या लिटल इटलीच्या जनगणना पाहणीत इटलीत जन्मलेला एकही रहिवासी आढळला नाही. पुढच्याच वर्षी शेजारच्या चायनाटाऊनसह या भागाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. माणसे गेली आणि मग वारसा जाहीर झाला. २००० च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ५७ लाख अमेरिकनांनी आपला वंश इटालियन असल्याचे नोंदवले. घरात इटालियन बोलणारे होते सुमारे १० लाख. बाकीच्यांच्या तोंडी उरली ती खाद्यपदार्थांची नावे. मोत्सारेला चीजला तेथे आजही शेवटचा स्वर गाळून 'मुत्सारेल' म्हणतात. रोमहून आलेला प्रवासी त्यावर हसतो. त्याला ठाऊक नसते की ही शंभर वर्षांपूर्वीच्या दक्षिणेची खरी बोली आहे. भाषा गेली आणि तिची भोजनाची यादी मागे राहिली.

हा इतिहास आपल्यावर जसाच्या तसा लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो. इटालियन माणूस समुद्र ओलांडून परक्या देशात गेला होता. सीमाभागातील मराठी माणूस कोठेही गेला नाही, त्याच्या उंबऱ्यावरून रेषा सरकली. त्याच्या मागे स्वतःची प्रमाण भाषा आहे, ग्रंथ आहेत, शतकांची परंपरा आहे. आणखी एक मोठा फरक कायद्याचा आहे. ज्या १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या नव्या रेषा आखल्या, तिनेच घटनेत अनुच्छेद ३५०-अ घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे तो सांगतो. कोवेल्लो यांच्या वस्तीला जे कधीच मिळाले नाही, ते आपल्याला कागदावर मिळालेले आहे : मुभेपलीकडे जाऊन शाळा मागण्याचा आधार, आणि तोही चौदाव्या वर्षी नव्हे, सहाव्या वर्षी.

परंतु हा आधार मागणाऱ्यालाच उपयोगी पडतो. वर्गात मूलच नसेल, तर कोणत्या सोयीची मागणी करायची? अमेरिकेतील त्या वस्त्यांत उत्सव टिकले, मिरवणुका टिकल्या, पक्वान्ने टिकली आणि भाषा गेली, कारण ती घरावर सोपवून सारे निश्चिंत झाले होते. म्हणून मराठीच्या स्थितीचा अंदाज आम्ही मिरवणुकीतील गर्दीवरून करत नाही. नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी गावच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात किती मुले बसली, तो आकडा आम्ही विचारतो. वाचकांनीही आपापल्या गावचा तो आकडा विचारावा आणि लिहून ठेवावा.